दहा जणांची बस

"नथनेल, तूसुद्धा चढ बसमध्ये," पप्पा ओट्यावरच्या खुर्चीतून म्हणाले. "माझ्यापाशी बसून काय करणार आहेस? मी काय पळून जातोय?"

नथनेल माझा चुलतभाऊ. पप्पांना दुसऱ्यांदा हार्टचा त्रास झाला तेव्हापासून तो आमच्याकडेच झोपायला यायचा, कारण त्यांना उचलून न्हाणीत न्यायचं तर आईला आणि मला दोघींना मिळून जमत नव्हतं. तो दारात चपला घालून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. नको जाऊस, असं मला म्हणायचं होतं. पप्पांनी ते पाहिलं.

"शेबू, तू मध्ये पडू नकोस. त्याच्याशिवाय नऊच होतात. नऊ माणसं घेऊन सरकारच्या दारात जायचं? मी त्या साहेबांना शब्द दिलाय."

शब्द त्यांनीच दिला होता. महिनाभरापूर्वी मंत्रालयातून सोनटक्के नावाचे एक अधिकारी आले होते. यंदा राज्य सरकार स्वतः हनुकाचा सण साजरा करणार आहे, मंत्रीमहोदय स्वतःच्या हातांनी दिवा लावणार आहेत, आणि कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची जुनी माणसं तिथे असावीत अशी वरून इच्छा आहे, असं त्यांनी सांगितलं. हनुका म्हणजे आमचा काही मोठा सण नव्हे. माझ्या पणजीला तर तो माहीतही नव्हता. आमचे मोठे सण म्हणजे नव्याचा सण, मग उपासाचा दिवस. पण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. आम्ही देवळात, म्हणजे जुनी माणसं ज्याला मशीद म्हणतात त्या आमच्या सिनेगॉगमध्ये, नुसते उभे राहून दिवसभर प्रार्थना करतो. हनुकाला दिवे असतात.

पप्पा मात्र त्या दिवशी उशीला टेकून ताठ बसले. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची अख्खी नोकरी झाली होती. रहमीम पेझारकर हे नाव ऐकलं की प्रत्येक नवा डेपो मॅनेजर विचारायचा, "म्हणजे तुम्ही मुसलमान का?" पप्पा समजावून सांगायचे. जहाज फुटलं, आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेव्हापासून आम्ही इथलेच. समोरचा हो हो म्हणायचा, आणि पुढच्या ईदला त्यांना शुभेच्छा द्यायचा. पप्पा शुभेच्छा घ्यायचे. घरी येऊन आईला सांगायचे आणि हसायचे, पण ते हसणं तिला फारसं आवडत नसे.

"साहेब, एक लक्षात ठेवा," त्यांनी सोनटक्क्यांना सांगितलं. "आमच्यात दहा पुरुष जमले तरच समाज जमला असं धरतात. दहांना मिन्यान म्हणतात. नऊ जण असले तर महत्त्वाच्या प्रार्थना होत नाहीत."

"म्हणजे कोरम," सोनटक्के म्हणाले.

"अगदी बरोबर!" पप्पांना केवढा आनंद झाला.

तो कोरम भरायला अलिबागपासून रोह्यापर्यंत धावाधाव करावी लागली. आमच्या गावात एके काळी आमची चाळीस घरं होती. आता चार. माझा भाऊ इस्राएलात अश्दोदला, काकांची मुलगी तिकडेच बिअरशेबाला, बाकीचे ठाण्याला. इकडून दोन, तिकडून एक असे करत पप्पांनी पलंगावरून फोन करकरून नऊ जमवले. दहावे ते स्वतः जाणार होते. त्यांचा सत्कार होता. डॉक्टरांनी नाही म्हटलं, तेव्हा दहावा नथनेल झाला.

बस दारात उभी होती. पुढच्या काचेवर शासनाचा फलक, खिडक्यांतून ओळखीचे म्हातारे चेहरे. बिनयामीनकाका, पप्पांचे धाकटे भाऊ आणि आमचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पहिल्या सीटवर लग्नातला कोट घालून बसले होते.

शुक्रवार होता. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, मग गाडीत बसायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला होता आणि मंडळी शनिवारभर मुंबईत सरकारी विश्रामगृहात राहून रविवारी परतणार होती. सगळी व्यवस्था चोख होती. त्याबद्दल मी आजही कुणाला नावं ठेवू शकत नाही.

"जा रे," पप्पा नथनेलला म्हणाले. "मी फोनवर बघणार आहे. तू मला दिसला पाहिजेस."

नथनेल चढला. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पप्पांनी हात खाली घेतला नाही.

मग त्यांनी दाढी करायचा हट्ट धरला. थेट प्रक्षेपण दुपारी होतं, पण त्यांना त्याआधीच पांढरा शर्ट आणि टोपी घालून बसायचं होतं. आईने साबण लावला. मी आरसा धरला होता. एक गाल झाला. दुसऱ्या गालावर आईने वस्तरा टेकवला तेव्हा ते म्हणाले, "मिल्का, थांब जरा," आणि तिचं मनगट धरलं. आईला वाटलं, कापलं. ती वाकून बघायला लागली.

त्यांनी मनगट सोडलं नाही. बोटं आम्हांला सोडवावी लागली.

आईने त्यांच्या कानात 'शमा इस्राएल' म्हटलं, जाणाऱ्या माणसासाठी म्हणायची आमची प्रार्थना. मोठ्याने म्हटलं, आंधळ्या आशेने, जणू ते जरा लांब गेले आहेत आणि ऐकून परत वळतील. मग तिने त्यांचे डोळे मिटले आणि राहिलेला साबण टॉवेलने पुसून काढला.

"बिनयामीनभावजींना फोन लाव," ती म्हणाली. "सगळ्यांना परत बोलाव."

काकांचा फोन बंद. नथनेलचा बंद. एकेक करत सगळ्यांचे लावले. बंद. तेव्हा माझ्या लक्षात आलं, नथनेल आदल्या दिवशी म्हणाला होता, सुरक्षेसाठी सगळ्यांचे फोन फाटकावर ठेवून घेणार आहेत.

शेजारचे हरेश्वरदादा म्हात्रे रडण्याचा आवाज ऐकून आले. ते जेट्टीवर कामाला होते. पप्पांना बघून ते दाराला धरून उभे राहिले, मग एकदम कामाचं बोलू लागले. "शेबा, त्यांना निरोप भेटला तर दुपारची रो-रो बोट पकडतील. मांडव्याला आमचा पोरगा गाडी घेऊन उभा राहील. उन्हं उतरायच्या आधी हितं आणतो सगळ्यांना. तू निरोप तेवढा पोचव."

आमच्यात मयताला थांबवत नाहीत. त्याच दिवशी पोचवतात. शब्बाथला दफन चालत नाही, म्हणजे सूर्य मावळायच्या आत झालं नाही तर रविवारपर्यंत पप्पांना घरात ठेवावं लागणार होतं. आणि दहा पुरुष असल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही. कद्दीश म्हणजे गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. तिच्यात मरणाचं नावही नाही, सगळी देवाची स्तुती. पण ती म्हटल्याशिवाय कबरीवरून माघारी फिरणं म्हणजे माणसाला रस्त्यात सोडून येण्यासारखं आम्हांला वाटतं.

सोनटक्क्यांचा फोन शेवटी लागला. मागे कुणीतरी माइक तपासत होतं.

"अरे देवा," ते म्हणाले. खरंच हळहळून म्हणाले. "रहमीमसाहेब? आत्ता?"

"साहेब, आमची माणसं परत पाठवा. लगेच. दहाही जण. बोट आहे दुपारची."

"मॅडम, ते आत बसलेत, तपासणी होऊन. मी... मी स्वतः जातो आत. काकांना सांगतो. तुम्ही फोन ठेवा."

मी ठेवला. वाट पाहिली. परत लावला तर दुसराच कुणीतरी बोलला. "सोनटक्केसाहेब आत आहेत. ताफा निघालाय. आता कार्यक्रम संपल्यावरच." मी त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, मी गेटवर आहे हो. मला आतसुद्धा सोडत नाहीत."

भावाला अश्दोदला फोन केला. तो हुंदके देत म्हणाला, "रविवारपर्यंत थांबा. मी मिळेल त्या विमानाने निघतो. काकाही येतील. शेबा, आईला समजाव."

मी आईला समजावलं. ती सब्जाच्या काड्या निवडत होती. मयताच्या कफनात आमच्याकडे सब्जा घालतात.

"बर्फावर?" तिने विचारलं.

तिने काड्या खाली ठेवल्या.

"दोन रात्री ह्यांना बर्फावर ठेवू मी? नाही. हरेश्वरभाऊंना सांग, कबर खणायला माणसं लावा."

"आई, पण दहा..."

"मला मोजता येतं, शेबू."

पुरुषाला आंघोळ पुरुषांनी घालायची. गावात आमचा उरलेला एकच पुरुष होता, एझ्राआजोबा. त्यांना ऐकू यायचं नाही आणि हात लटपटायचे. त्यांनी तांब्या धरून पाहिला आणि परत दिला. "मिल्का, तू घाल," ते म्हणाले. "तुला चालतं. बायकोला चालतं." मग आई आणि मी दोघींनी पप्पांना आंघोळ घातली. जन्मात कधी मी त्यांची पाठ पाहिली नव्हती. तिच्यावर डाव्या खांद्याखाली एक जुना व्रण होता, आईने त्यावरून हात फिरवला, पण तो कशाचा ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अर्धी राहिलेली दाढी आम्ही तशीच ठेवली.

अंगणात माणसं जमली होती. म्हात्रे, मुकादमांचा शब्बीर, डेपोतले रिटायर झालेले दोन ड्रायव्हर, कोळीवाड्यातली पाचसहा माणसं. तिरडीसारखी आमची लाकडी डोली असते, ती सिनेगॉगमधून शब्बीर खांद्यावर घेऊन आला होता. सगळी तयारी झाली होती आणि तरी आई उठत नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती.

तेवढ्यात हरेश्वरदादांची सून फोन घेऊन आत आली. बिचारी घाबरत म्हणाली, "शेबाताई, हे बघा. तुमची माणसं."

थेट प्रक्षेपण सुरू होतं. मोठा मंच, झेंडूच्या माळा, मध्ये पितळेची नऊ दिव्यांची समई. आमची दहा माणसं दोन रांगांत बसलेली, डोक्यावर टोप्या. कॅमेरा त्यांच्यावरून फिरला. मला नथनेल दिसला. तो थेट कॅमेऱ्याकडे बघत होता, आणि हसला. पप्पांसाठी हसला तो. आईने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि नथनेलच्या चेहऱ्यावर बोट ठेवून हाक मारली, "अरे नथू!" चित्र पुढे सरकलं.

निवेदिका म्हणत होती, "या समाजाचे ज्येष्ठ प्रतिनिधी, श्री. रहमीम पेझारकर, प्रकृती अस्वास्थ्यामुळे आज इथे उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांच्या वतीने हा सन्मान त्यांचे बंधू स्वीकारत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा!"

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. आमच्या घरात पप्पा कफनात निजले होते आणि त्या छोट्याशा फोनमधून टाळ्यांचा आवाज येत होता. मंत्र्यांनी काकांच्या खांद्यावर शाल घातली. काकांनी मान वर केली नाही. मंत्र्यांनी दिवा लावला, पुन्हा टाळ्या झाल्या, भाषणं झाली. मग काका माइककडे आले. मागे वळून ते आपल्या माणसांना काहीतरी म्हणाले आणि सगळे जण उठून उभे राहिले. काकांचे ओठ हलताना दिसत होते, पण निवेदिका आभार मानत होती, त्यामुळे ते काय म्हणतात ते कळत नव्हतं. मग चित्र अडकलं. सुनेने फोन हलवला, खिडकीपाशी नेला. नाहीच.

"चला," आई म्हणाली. "ऊन उतरलं."

आमची दफनभूमी टेकडीच्या पायथ्याशी आहे. पप्पांना म्हात्र्यांनी आणि मुकादमांनी नेलं. एझ्राआजोबांना रिक्षातून आणलं. ते कबरीशी उभे राहून स्तोत्र म्हणाले. मधलं विसरले, मागे गेले, परत म्हणाले. कुणी घाई केली नाही. आम्ही माती घातली. मग सगळे तसेच उभे राहिले. पुढे काहीतरी व्हायचं आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. गावातल्या आमच्या मयतांना ती माणसं लहानपणापासून येत होती.

हरेश्वरदादा पुढे आले. खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, दहा माणसं लागतात ना त्या मंत्राला? हितं आमी वीस हाव. तुमी सांगाल तसं म्हणू. टोप्या घालू. एझ्राआजोबा एकेक शब्द सांगतील, आमी मागून म्हणू."

शब्बीरने तेवढ्यात खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधलाही होता.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही वीस आहात. पण..." ती हरेश्वरदादांच्या पायांशी मातीत बसली. एवढी माणसं, पप्पांना ओळखणारी, त्यांच्या हातचा चहा प्यालेली, आणि आमच्या मोजणीत ती शून्य. तिला त्यांना तसं सांगायचं नव्हतं. न सांगताही त्यांना ते कळलं. हरेश्वरदादांनी मान डोलावली आणि दोन पावलं मागे सरले.

आम्ही कद्दीशशिवाय माघारी फिरलो. घरी येऊन आईने शब्बाथचा दिवा लावला तेव्हा आकाशात अजून जरा उजेड होता. त्यानंतर रडायचं नाही, तो शब्बाथ. आई खरोखरच रडली नाही. शनिवारभर ती पलंगाच्या कडेला बसून होती.

रविवारी दुपारी बस आली. मी ओट्यावरून मोजलं, तशी सवयच लागली होती. आठ जण उतरले. रोह्याच्या दोघांना त्यांच्या मुली शुक्रवारी दिवस मावळायच्या आत हॉलमधूनच ठाण्याला घेऊन गेल्या होत्या. त्यांचंही बरोबर होतं, दोघेही ऐंशीच्या पुढचे.

नथनेल दारातच थांबला. आत येईना. पलंगाकडे बघून म्हणाला, "मी चढायला नको होतं." मी त्याला हाताला धरून आत आणलं.

काका जमिनीवर आईसमोर बसले. खांद्यावर ती शाल नव्हती. कुठे ठेवली कोण जाणे. मग म्हणाले, "वहिनी, मला कळलं होतं."

आईने वर पाहिलं.

"मंत्री यायच्या आधीच. सोनटक्के आले, माझ्या खुर्चीपाशी उकिडवे बसले आणि कानात सांगितलं. त्यांचेच डोळे भरले होते. मी म्हटलं, आत्ता बस द्या. ते विचारून आले. रस्ते बंद झाले होते, दारं लावली होती, कुणाला बाहेर सोडत नव्हते. म्हणाले, कार्यक्रम संपला की मी स्वतः गाडी काढतो. तोपर्यंत बोट गेली असणार हे मला कळत होतं."

"आम्हांला तेव्हाच का नाही सांगितलंत?" नथनेल ओरडला. "मी भिंत चढून आलो असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मग काका आईला म्हणाले, "मी म्हटलं, इथे दहा जण आहेत. तिकडे नसतील. दिवा लागल्यावर मी माइककडे गेलो, आणि ह्या सगळ्यांना एवढंच म्हटलं की रहमीम गेला, उभे राहा. आणि कद्दीश सुरू केली."

माझ्या डोळ्यांसमोर ते हलणारे ओठ आले.

"लोकांना वाटलं, सणाचीच प्रार्थना. सगळा हॉल उभा राहिला, वहिनी. मंत्र्यांनी हात जोडले. आमचं पहिलं आमेन झालं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"पुरी म्हटलीत?" आईने विचारलं.

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नाही. अर्ध्यात राष्ट्रगीत लागलं. त्यांची वेळ ठरलेली होती. आम्ही थांबलो. हात खाली सोडून सरळ उभे राहिलो. म्हटलं, संपल्यावर पुढचं म्हणू. पण ते संपलं आणि लोक फोटोसाठी वर चढले. कुणी माझा हात धरला, कुणी ह्याचा. दहा जण दहा दिशांना. पुन्हा एकत्र आलो तेव्हा बाहेर अंधारलं होतं आणि आम्ही आठच उरलो होतो."

आई कितीतरी वेळ पुढ्यातल्या फरशीवरून बोट फिरवत राहिली.

"राष्ट्रगीताला थांबलात ते बरं केलंत," ती शेवटी म्हणाली. "हे असते तर हेही थांबले असते."

संध्याकाळी घरातच प्रार्थना करायची ठरली. एझ्राआजोबांना धरून आणलं. नऊ झाले. माझ्या भावाला मंगळवारचं विमान मिळालं होतं. नथनेलने गावाबाहेर कुणाकुणाला फोन लावून पाहिले, आणि शेवटी फोन खिशात ठेवला. काका पुढे उभे राहिले, बाकीचे त्यांच्या मागे, आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. काका हळूहळू म्हणत होते. त्यांचा आवाज बसला होता. कद्दीशची जागा आली तेव्हा ते थांबले. नऊही जण थांबले. कुणी खोकलंसुद्धा नाही. जेवढा वेळ ती म्हणायला लागतो, तेवढा वेळ सगळे तसेच गप्प उभे राहिले, आणि मग काकांनी पुढची प्रार्थना सुरू केली.